पहिली बटरी

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टार्डीत कुठल्याही गोष्टीला कुणी छान म्हणत नाही. होडी काठोकाठ हॅडॉक मासे भरून बंदरात आली, तरी धक्क्यावर उतरणारा कप्तान विचारल्यावर एवढंच म्हणतो, "वाईट नाही." मुलगी लग्नाच्या पोशाखात समोर उभी राहिली, तरी बाप घसा खाकरून "वाईट नाही" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. त्या किनाऱ्यावर यापेक्षा मोठं कौतुक नाही. तोंड भरून स्तुती करायची ती परक्याची, आजाऱ्याची, नाहीतर ज्याच्यापासून काही लपवायचं आहे त्याची.

म्हणून एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या वसंतात मेअरांच्या बेकरीत बटऱ्या, म्हणजे तिथले चपटे खारट पाव, घ्यायला येणारा जो तो "बटऱ्या छान झाल्यात हं इना, फारच छान" असं म्हणू लागला, तेव्हा इनाला शंका यायला हवी होती. ती काही बाहेरची नव्हती. पण नवरा जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या दिवसांत तिला माणसांची तोंडं हलताना दिसत, शब्द आतपर्यंत पोचत नसत.

तिचं खरं नाव जेम्सिना. बापाला मुलगा हवा होता आणि जेम्स हे नाव आधीच ठरलेलं होतं. मुलगी झाली तेव्हा त्याने त्याच नावाला शेपूट जोडलं. सोळाव्या वर्षापासून ती धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायला उभी राहिली. पंचविसाव्या वर्षी बेकरीवाल्या गिल्बर्ट मेअरशी, म्हणजे गिबशी लग्न केलं आणि माशाचा वास कायमचा धुऊन टाकला. थंड पाण्यात आणि मिठात नऊ वर्षं काढलेले हात मात्र तसेच राहिले. जुलै महिन्यातसुद्धा तिची बोटं गार असत.

त्या गार बोटांवरच बेकरी चालली, असं गिब म्हणायचा, आणि ते खरं होतं. बटरीचं पीठ कुणीही मळेल. कसब आहे ते चरबी घालण्यात. डुकराची चरबी आणि लोणी एकत्र फेटायचं, पीठ लांब लाटून त्यावर तिसरा हिस्सा पसरायचा, घडी घालायची, थांबायचं, पुन्हा लाटायचं, पुन्हा तिसरा हिस्सा, असं तीनदा. हात गरम असला की चरबी वितळून पिठात मुरते आणि पापुद्रे सुटत नाहीत. गिबचे हात भट्टीसारखे तापलेले. त्यामुळे मळणं आणि भाजणं त्याचं, घड्या इनाच्या. शेवटी गोळे तोडून ती प्रत्येक गोळा बोटांच्या टोकांनी चेपायची. भाजल्यावर बटरीवर चार खळगे राहत. वाकडीतिकडी, चपटी, तपकिरी, खारट, कागदात गुंडाळली की कागद पारदर्शक करणारी ती बटरी पोर्टार्डीतल्या प्रत्येक घरात सकाळी असे. सोमवारी समुद्रावर निघणाऱ्या होड्या खोकी भरून नेत, कारण साधा पाव चौथ्या दिवशी लाकूड होतो आणि बटरी दहाव्या दिवशीही खाता येते. शिवाय बर्फाळ वाऱ्यात जाळी ओढणाऱ्या माणसाला पोटात काहीतरी जळत ठेवणारं लागतंच. पण आता निम्मी माणसं होडीवर जात नव्हती. कुणी ऑफिसात बसत होतं, कुणी घरी. बटऱ्या तेवढ्याच खात होती. आणि तेवढ्या चरबीवर आणखी लोणी लावून.

गिबची एक रीत होती. पहिलं ताट साडेपाचला भट्टीतून निघालं की त्यातली कोपऱ्यातली बटरी उचलायची, मागच्या दाराशी जायचं आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं. "बघतो कशी झाली ती," असं म्हणून जायचा. छत्तीस वर्षं. इनाला त्याची पाठ दिसे, खांदे दिसत. तो परत आला की मिशीला चुरा लागलेला असे आणि ती विचारी, "काय?" तो म्हणे, "वाईट नाही." मग दुसरं ताट.

फेब्रुवारीत एका मंगळवारी पिठाचं पोतं उचलताना तो खाली बसला आणि उठला नाही. त्रेसष्ट वर्षांचा होता.

गावच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, त्याचे डोळे मिटले आणि बराच वेळ हात धुतले. मग इनाला म्हणाले, "हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, मिसेस मेअर. या किनाऱ्यावर मी हेच बघत आलोय. चरबी, मीठ, आणि पुन्हा चरबी." ते आणखी काही बोलणार होते. इनाच्या हातांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि बॅग बंद करून निघून गेले.

ते हातांकडे बघणं इनाच्या मनात रुतून बसलं.

अंत्यविधीला चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसली होती. मागे वळली तेव्हा तिला बाकांवर बसलेली माणसं दिसली नाहीत, रिकाम्या जागा दिसल्या. तिसऱ्या बाकावरचा ह्यूई, अठ्ठावन्न. खांबाजवळचा लॉरेन्स, साठ. त्याचा भाऊ, त्याहून एका वर्षाने लहान. सगळे हृदयाने गेलेले, सगळे शनिवारी रांगेत उभे राहणारे. ती एकेकाला मोजत गेली आणि प्रत्येकाच्या हातात तिला चार खळग्यांची बटरी दिसली. ते खळगे तिच्या बोटांचे होते.

दहा दिवसांनी दुकान उघडलं. काउंटरवर वीस वर्षं उभी राहणारी नेटा आता पहाटेच येऊन भट्टी सांभाळू लागली. नेटा म्हणजे जिभेला धार लावूनच घराबाहेर पडणारी बाई, पण तीही त्या दिवसांत गप्प असे. मार्चभर इनाने जुन्याच पद्धतीने बटऱ्या केल्या. चरबीचा गोळा उचलायची, परत डब्यात ठेवायची, पुन्हा उचलायची. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तिने चरबीचा डबा झाकला, वरच्या फळीवर ठेवला आणि सूर्यफूल तेलाचे पत्र्याचे डबे खाली काढले. मीठही निम्मं केलं.

नेटाने डब्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"हे काय?"

"आजपासून असंच. बाहेर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू?" नेटा म्हणाली. "ज्याच्या तोंडात जाईल त्याला कळेलच."

पण कुणालाच कळलं नाही, असं इनाला वाटलं. पापुद्रे सुटत नव्हते. बटरी फुगायची आणि गार झाली की रबरासारखी ताणली जायची. तरी शनिवारची रांग तशीच कोपऱ्यापर्यंत गेली. ज्यांना सहा लागत त्यांनी सहाच घेतल्या, ज्यांना बारा लागत त्यांनी बारा. आणि प्रत्येक जण काउंटरवर वाकून म्हणाला, "छान झाल्यात हं." ती त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपली. तिला वाटलं, जमलं. कुणाचं काही हिरावून न घेता आपण माणसं वाचवतोय.

असे सहा आठवडे गेले.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुकानाची गाडी बंद पडली. उशिरा निघणाऱ्या एका होडीचं खोकं पोचवायचं होतं, म्हणून इना स्वतः हातगाडी ढकलत बंदरावर गेली. खोकं दिलं आणि परत फिरताना धक्क्याच्या टोकाकडे तिचं लक्ष गेलं. सीगलांचा नुसता गलका चालला होता. बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर बेकरीची कागदी पिशवी. टोपीवरूनच तिने ओळखलं. डॉड बोसी.

गावात निम्म्या घरांचं आडनाव वॉट, म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं आणि पत्रांवरसुद्धा तेच लिहितात. बोसी म्हणजे तिथल्या बोलीत मिठी. डॉडच्या पणजोबाने एका वादळात म्हणे रात्रभर डोलकाठीला मिठी मारून जीव वाचवला. तेव्हापासून चार पिढ्या बोसी. हा डॉड चौऱ्याऐंशीचा. चाळीस वर्षं होडीचा कप्तान होता. त्याची जाळ्यांची खोपी बेकरीच्या मागच्या दारासमोरच, मधे फक्त एक बोळ. दात सगळे स्वतःचे, आणि तो आयुष्यभर रोज दोन बटऱ्या खात आलेला.

डॉड बटरी तोडत होता आणि तुकडे पाण्याकडे फेकत होता. एका सीगलाने तुकडा हवेतच झेलला, दोनदा चोचीत फिरवला आणि टाकून दिला.

इना तिथेच उभी राहिली. सीगल काय काय खातात हे ती लहानपणापासून बघत आली होती. माशांची आतडी, दोरीचे तुकडे, एकदा तर एका पाद्र्याचा हातमोजा.

"डॉड," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पिशवी कोटाखाली घेतली. मग लपवून उपयोग नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा मांडीवर ठेवली.

"बस पोरी."

"ती माझी बटरी आहे."

"हो."

"तुम्ही काल म्हणालात, फार छान झालीय."

"म्हणालो."

इना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. समोर होडी बंदराबाहेर निघत होती. तिने दिलेलं खोकं डेकवरच पडलं होतं.

"तुम्ही एकटेच, की आणखी कुणी?"

डॉडने मांडीवरचा चुरा झटकला. "मिसेस स्लेटर कोंबड्यांना घालते. कोंबड्या खातात म्हणते, पण अंडी कमी झालीत. वरच्या आळीतले सगळे इथेच येतात, संध्याकाळी. आम्ही एकमेकांकडे बघत नाही."

"सगळं गाव?"

"पाद्रीबुवा खातात. त्यांना चव नाही, ते ग्लासगोचे."

दुसऱ्या कुठल्या वेळी ती हसली असती.

"मग घेता कशाला? सहा आठवडे रांगेत उभं राहून घेता कशाला?"

"गिबच्या दुकानाची रांग मोडायची नाही," डॉड म्हणाला. "कुणी बसून ठरवलं नाही. पण ठरलं. तुझा हात बसेल परत, असं वाटलं सगळ्यांना. दुःखात हात जातो माणसाचा. माझी आई आजोबा गेल्यावर वर्षभर सूपमध्ये मीठ घालायला विसरत होती."

"माझा हात गेलेला नाही. मी चरबी बंद केली. मुद्दाम."

डॉडने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मुद्दाम?"

मग इनाने सांगितलं. तीन महिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं, खालच्या आवाजात, न थांबता. डॉक्टर काय म्हणाले ते, तिच्या हातांकडे कसं बघितलं ते, चर्चमधल्या रिकाम्या जागा, ह्यूई, लॉरेन्स, लॉरेन्सचा भाऊ. "रोज सकाळी पहिली बटरी त्याच्या हातात. छत्तीस वर्षं. मी घड्या घातल्या, मी चेपली, त्याने खाल्ली. दुसऱ्या कुणी घातलं असतं विष, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? मी मारलं त्याला, डॉड. आणि बाकीच्यांनाही मीच."

 डॉडने पिशवीचं तोंड दुमडलं, पुन्हा दुमडलं.

"मी त्याला शब्द दिला होता," तो शेवटी म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांत दिलेला शब्द मोडलेला नाही. ऊठ. खोपीत चल."

जाळ्यांच्या खोपीत डांबराचा आणि जुन्या दोरांचा वास होता. डॉडने खिळ्यांच्या डब्यांमागे हात घातला आणि औषधाच्या दोन तपकिरी बाटल्या काढून तिच्यासमोर फळीवर ठेवल्या. एक रिकामी, एक अर्धी. चिठ्ठीवर टाइप केलेलं नाव होतं: गिल्बर्ट मेअर. खाली शेजारच्या फ्रेझरबरा गावातल्या औषधवाल्याचं नाव. रिकाम्या बाटलीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

"रोज एक," डॉड म्हणाला. "सकाळी तो दाराशी यायचा, मी इकडून बोळ ओलांडायचो. त्याच्या हातात बटरी, माझ्या हातात गोळी. जरा वेळ नुसती हातात धरून मग तो मला बटरी द्यायचा, मी त्याला गोळी द्यायचो."

इनाने अर्धी बाटली उचलली. आतल्या गोळ्या खळखळल्या.

"त्याने खाल्ली नाही?"

"दोन वर्षांत एकही नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून."

"मिशीला चुरा असायचा. मी रोज बघायचे."

"चुरा माझा. मी एक घास घेतला की माझ्या हातावरचा चुरा तो बोटाने उचलायचा आणि मिशीला लावायचा. म्हणायचा, बाईची नजर फार बारीक आहे."

इनाने बाटली फिरवून चिठ्ठी पुन्हा वाचली. 

"का?" इना म्हणाली. मग मोठ्याने, खोपी भरून जाईल एवढ्याने, "का पण? मी शत्रू होते त्याची? एका बिछान्यात झोपलो आम्ही! डॉक्टरला माहीत, तुम्हाला माहीत, फ्रेझरबराच्या औषधवाल्याला माहीत. आणि मी तिथे मूर्खासारखी विचारत्येय, काय, कशी झालीय! आणि तो म्हणतोय, वाईट नाही!"

"ओरड," डॉड म्हणाला. "मीही ओरडलो होतो त्याच्यावर."

"का, ते सांगा."

"मी हेच विचारलं होतं. तो म्हणाला, इनाला कळलं तर ती उद्या चरबीचा डबा फळीवर ठेवेल."

इनाने बाटली फळीवर ठेवली.

"त्याचेच शब्द आहेत," डॉड म्हणाला. "म्हणाला, ती स्वतःला दोष देईल, आणि सोडून देईल, आणि मग तिच्या हातांना काय काम उरेल? म्हणाला, मी खायची तेवढी खाल्ली. छत्तीस वर्षांचं दोन वर्षांत उतरत नाही, डॉक्टरही तसंच म्हणालाय. पण खाल्ली ती मी माझ्या तोंडाने, कुणी नाक दाबून भरवली नाही."

"तुम्ही हे मला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं."

"शब्द होता."

"जळो तुमचा शब्द."

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "आणि पोरी, एक सांगू? तुला काय वाटलं, आम्हाला माहीत नव्हतं? दवाखान्यात भिंतीवर हृदयाचं चित्र लावलंय, एवढं मोठं, त्यात चरबी पिवळ्या रंगाने दाखवलीय. बटरीच्याच रंगाची. ह्यूई त्या चित्राखाली बसून बटरी खायचा, डॉक्टरला चिडवायला. त्याला काय तू फसवलंस? ज्यांना सोडायची त्यांनी सोडली. माझ्या सुनेने सोडली. आम्ही नाही सोडली. ते आमचं आहे. ते आमच्याकडेच राहू दे."

इना बाटल्या घेऊन घरी गेली.

शुक्रवारी बेकरी बंद राहिली. पोर्टार्डीत कुणाला असा शुक्रवार आठवत नव्हता. नेटा सकाळी येऊन बंद दारापुढे उभी राहिली, दोनदा टकटक केलं, खिडकीतून इना खुर्चीत बसलेली दिसली आणि ती मुकाट्याने परत गेली. गावात कुणी काही विचारलं नाही. दुपारी इनाच्या पायरीवर कुणीतरी सूपचं भांडं ठेवून गेलं.

इना बाटल्या टेबलावर ठेवून बसून होती. आधी ती गिबशी भांडली. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने, एकेक सकाळ धरून. त्याने तिला एवढी कच्ची समजावं? मग तिच्या डोळ्यांसमोर फळीवरचा झाकलेला डबा आला आणि ती मधेच थांबली. त्याला जे घडेल असं वाटलं होतं ते तिने अक्षरशः तसंच केलं होतं. अर्ध्या बाटलीतल्या गोळ्या तिने टेबलावर ओतून मोजल्या. एकोणीस होत्या. एकोणीस सकाळी तो आणखी त्या दारात उभा राहिला असता, मग नवी बाटली लागली असती. तेव्हा कुठे ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी तिने तोंड धुतलं, दुकानात गेली आणि स्टूल लावून चरबीचा डबा खाली काढला.

शनिवारी पहाटे नेटा आली तेव्हा ओट्यावर पीठ लाटून तयार होतं आणि इना त्यावर चरबी पसरत होती. तेलाचे डबे दाराबाहेर होते. नेटाने शाल काढून खुंटीला लावली.

"हे डबे कुणाला द्यायचे?"

"पाद्रीबुवांना," इना म्हणाली.

नेटाने तिच्याकडे चमकून बघितलं आणि भट्टी पेटवायला वळली. पहिली घडी झाली. पीठ थोडा वेळ ठेवलं. दुसरी. तिसरी. इनाची बोटं गार होती आणि स्थिर होती. गोळे तोडून ती चेपू लागली. एकेका गोळ्यावर चार खळगे.

भट्टी तापेपर्यंत तिने एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: पीठ, यीस्ट, मीठ, साखर, लोणी, डुकराची चरबी. चरबीखाली रेघ ओढली आणि पुठ्ठा काउंटरवर, सगळ्यांना दिसेल असा उभा केला.

"हे कशाला?" नेटा म्हणाली. "गावाला काय माहीत नाही?"

"माहीत आहे. पण माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं."

साडेपाचला पहिलं ताट निघालं. खरपूस, खारट वास बोळात गेला असणार, कारण समोरच्या खोपीचं दार वाजलं. इनाने कोपऱ्यातली बटरी उचलली आणि मागच्या दाराशी गेली. गिब गेल्यापासून ती त्या दारात उभी राहिली नव्हती. मे महिना असल्यामुळे चांगलं उजाडलं होतं. समुद्र करडा आणि शांत होता.

डॉड बोळाच्या पलीकडे उभा होता, टोपी हातात घेऊन. तो पुढे आला नाही.

इना बटरी तळव्यात धरून थांबली. ऊब आधी बोटांत गेली, मग मनगटापर्यंत. छत्तीस वर्षं तिने हजारो बटऱ्या ताटातून पिशवीत घातल्या होत्या, पण अशी एकच हातात घेऊन ती कधी नुसती उभी राहिली नव्हती.

"तो किती वेळ धरायचा?" तिने विचारलं.

"मिनिटभर. कधी जास्त. कडाक्याच्या थंडीत मला हाक मारावी लागायची."

ती तेवढा वेळ थांबली. मग तिने बटरी मोडली. पापुद्रे सुटले, वाफ निघाली. डॉड बोळ ओलांडून आला, तशी तिने अर्धी त्याच्यासमोर धरली.

"गिब पूर्ण द्यायचा," डॉड म्हणाला.

"गिब नाही आता. आणि तुम्ही चौऱ्याऐंशीचे आहात. इथून पुढे अर्धी."

"दुकानातून आणखी दोन घेईन."

"घ्या. ते तुमचं तुम्ही बघा. या दारात अर्धी."

डॉडने अर्धी बटरी घेतली. इनाने उरलेली अर्धी तोंडात घातली. एप्रिलपासून तिने बटरी चाखलीच नव्हती. दुसऱ्यांसाठी केली होती. मीठ जिभेला लागलं, मग चरबी, मग कडेचा जळका कुरकुरीत पापुद्रा. तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

म्हातारा हळूहळू चावत होता. समुद्राकडे बघत त्याने शेवटचा घास गिळला, बोटांवरचा चुरा चाटला आणि टोपी घातली.

"काय?" इनाने विचारलं.

"वाईट नाही," डॉड म्हणाला.

आतून नेटाने हाक मारली. दुसरं ताट झालं होतं. इना हात पुसत आत गेली.